पाळण्यातला लोखंडी दगड

आमच्या दाजींइतका दगडांवर जीव टाकणारा माणूस परभणी जिल्ह्यात दुसरा झाला नाही. आणि ज्या जिल्ह्यात या टोकापासून त्या टोकापर्यंत एकाच जातीचा काळा दगड आहे, तिथं असला माणूस जन्माला घालण्यात देवाची काहीतरी गफलत झाली असावी, असं माझं फार जुनं मत आहे. ज्याला दगडांची हौस, त्याला तांबडे, हिरवे, पट्ट्यापट्ट्यांचे दगड पैशाला पासरी मिळतात अशा मुलखात घालावं की नाही? दाजी जन्मले वालूरला. तिथं घराच्या पायात काळा दगड, विहिरीत काळा दगड, बांधाला काळा दगड, आणि वेशीतल्या मारुतीचा शेंदूर खरवडला असता तर आतही काळाच निघाला असता. तरीसुद्धा या गृहस्थांना जन्मभर दगड बघून गहिवरून यायचं. मी पालमला शाळामास्तर होतो. दगड म्हणजे अनवाणी माणसाला ठेच लागायची वस्तू, यापलीकडे माझं त्या विषयात काही म्हणणं नव्हतं. आज जे काही मला कळतं, ते दाजींनी माझ्या डोक्यात बळंच कोंबलेलं आहे.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. मी दाजी म्हणायचो, माझं ऐकून त्यांच्या किराणा दुकानावर येणारे म्हणू लागले, आणि बघता बघता अख्खं वालूर त्यांना दाजी म्हणायला लागलं. म्हणजे सख्खा मेहुणा मी एकटा, पण थट्टा करायचा हक्क सगळ्या गावानं वाटून घेतला. उंच, किडकिडीत अंगकाठी, धोतरावर हैदराबादी काळा कोट, गळ्यात काळ्या गोफात ओवलेलं एक भिंग. कोटाचे दोन्ही खिसे दगडांनी इतके लोंबायचे की दाजी समोरून येताना कोट आधी दिसायचा आणि दाजी मागून. अक्का ते खिसे दर महिन्याला नव्यानं शिवायची. "माज्या नशिबात दुसऱ्याचं शिवणकाम न्हाई, पन ह्यांचे खिसे हायेत," असं ती म्हणायची, आणि म्हणताना दोऱ्याला दुहेरी गाठ मारायची.

दगड दिसला की दाजी तो आधी चाटून बघत. ही सवय त्यांच्या लग्नातच उघडी पडली. मुहूर्त जवळ आला आणि नवरदेव मांडवात नाही. शोधाशोध झाली, तर हे महाशय मुंडावळ्या मागं टाकून आमच्या विहिरीच्या काठावर उकिडवे बसलेले, हातात विहिरीतून निघालेला एक धोंडा, आणि जीभ बाहेर. आमचे वडील हादरले. ते आईला बाजूला घेऊन म्हणाले, "पोरगं दगड चाटायलंय. ह्येला पोरगी द्यावी का?" आई म्हणाली, "आजून दुसरं काही तर चाटत न्हाई ना? मग द्या." पुढं मी दाजींना या प्रकाराबद्दल छेडलं, तेव्हा ते गंभीर झाले. "पाव्हणं, कोरडा दगड तोंड उघडत न्हाई. धूळ बसलेली असती त्याच्यावर. ओला केला की खरा रंग सांगतो. आता दर वेळी पान्याचा तांब्या कुठं हुडकत बसायचा?" मला ते पाव्हणं म्हणत. तसं म्हटल्यावर त्यांच्यापुढं चिडायची सोयच राहत नसे.

गावातल्या माणसांचीही त्यांनी दगडांप्रमाणे वर्गवारी करून टाकली होती. पाटील म्हणजे मुरूम, उन्हाळ्यात ताठ आणि पावसाळ्यात ढिला. शेजारचा सोनार म्हणजे गारगोटी, चकाकतो पण आत काही नाही. मी कोण, असं विचारल्यावर त्यांनी बराच विचार केला आणि म्हणाले, "तुमी चुनखडी हाव. पोरांच्या उपयोगाचे." दुकानात कुणी मीठ मागितलं तर मीठ हासुद्धा दगडच कसा, हे ऐकल्याशिवाय मिठाची पुडी मिळत नसे. सेलूच्या स्टेशनावर एकदा मला सोडायला आले असताना ते रुळांत उतरले, कारण खडीमध्ये एखादा परमुलखातला दगड आला असेल अशी त्यांना आशा होती. गाडी शिट्टी देत होती, खलाशी शिव्या देत होता, आणि दाजी खडी चाळत होते. वर आल्यावर म्हणाले, "सगळे घरचेच." त्यांच्या तोंडी हे वाक्य कायम असायचं. काळा दगड हातात घ्यायचे, चाटायचे, "घरचाच" म्हणायचे, आणि हळूच खाली ठेवायचे. फेकलेला मी कधी पाहिला नाही.

हे वेड त्यांना हैदराबादेत लागलं. त्या काळी आमच्या मुलखात पुढं शिकायचं तर हैदराबादला, आणि शिकायचं ते उर्दूत. दाजींनी तिथल्या कॉलेजात तबकातुल अर्ज हा विषय घेतला. तबकातुल अर्ज म्हणजे जमिनीच्या थरांचं शास्त्र. शिकवायला एक म्हातारे उस्ताद होते, ते पोरांना घेऊन वरंगळच्या पलीकडच्या डोंगरांत भटकायचे. दाजींची शेवटची परीक्षा तोंडावर आली आणि रझाकारांची धामधूम सुरू झाली. कॉलेज बंद पडलं, दाजी मिळेल त्या वाहनानं आणि उरलेलं पायी वालूरला आले. मग पोलीस ॲक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं, आम्ही सगळ्यांनी पेढे वाटले. दाजींनीही वाटले. फक्त पेढे संपल्यावर त्यांच्या लक्षात आलं की आपल्याला जे काही येतं ते सगळं उर्दूत येतं, आणि आता विचारणारे साहेब इंग्रजीत विचारतात नाहीतर मराठीत. पदवी तर हातात नव्हतीच. ते वडिलांच्या दुकानात गूळ-तंबाखू विकायला बसले. याबद्दल त्यांना कुरकुरताना मी ऐकलं नाही, पण कधी कधी गिऱ्हाईक नसलं की ते गुळाच्या ढेपेवर बोटानं थर आखत बसत.

हैदराबादहून येताना त्यांनी एकच वस्तू आणली होती. उस्तादांनी निरोपाच्या वेळी दिलेला एक दगड. वीतभर लांब, मनगटाएवढा जाड, ओढ्याच्या पाण्यानं दोन्ही टोकांना गोल झालेला. वरवर पाहिलं तर तपकिरी, मधे काळपट पट्टे. हातात घेतला की आकाराच्या मानानं इतका जड लागायचा की घेणारा एकदा तरी दाजींच्या तोंडाकडे बघायचाच. उन्हात धरून भिंगातून पाहिलं तर आत बारीक बारीक सुया एकीला एक लागून बसलेल्या दिसत, रेशमाच्या लडीसारख्या. ग्रुनेराइट हे त्याचं पाळण्यातलं नाव. दाजी ते नाव फक्त खास माणसांपुढं घेत, कारण बाजारात घेतलं की लोकांना औषध वाटायचं आणि ते किती वेळा घ्यायचं असं विचारायचे. गाव त्याला 'दाजींचं लोखंड' म्हणायचं.

या दगडाबद्दल दाजी बोलायला लागले की मी थट्टा विसरायचो, हे मात्र कबूल केलं पाहिजे. बाजाराच्या दिवशी एक शेतकरी तंबाखू घ्यायला आला होता. दाजींनी तंबाखूऐवजी त्याच्या हातात दगड दिला. तो म्हणाला, "लय जड हाय की." दाजी म्हणाले, "जड असनारच, लोखंड हाय त्यात. पन ते सोड. तुज्या हातात जे हाय ना, ते झालं तवा गोदावरी नव्हती. गवत नव्हतं. मासा नव्हता. भांडायला भावकी नव्हती." शेतकऱ्यानं विचारलं, "मग व्हतं काय?" दाजींचा आवाज खाली आला. "पानी व्हतं. नुसतं पानी. आन् त्याच्या तळाला लोखंडाचा गाळ बसायला लागला व्हता. बघायला कुनी नव्हतं, तरी बसतच व्हता. आपला हा काळा दगड हाय ना, हा जमिनीतून रस होऊन आला. तो ह्याच्यापुढं कालचं पोरगं." त्या शेतकऱ्यानं दगड दोन्ही हातांनी फळीवर ठेवला, हात जोडले आणि तंबाखू न घेताच निघून गेला. मी त्या वेळी दुकानाच्या पायरीवर बसलो होतो आणि माझ्या अंगावर काटा आला होता. चुनखडीच्या अंगावर काटा येणं ही साधी गोष्ट नाही.

"मग तो गाळ खाली खाली गेला," दाजी सांगत. "वरून डोंगराचं वझं, खालून आग. वितळला असता तर सुटला असता. वितळला न्हाई, पाव्हणं. बसल्या जागी बदलला. आतल्या आत सुया धरल्या आन् दुसराच होऊन बसला." आणि मग स्वतःवरच हसत. "आपलं तरी काय येगळं हाय? निजामाची रयत म्हणून जन्मलो, हिंदुस्थानात लगीन झालं, आता मुंबई राज्यात बसलोय, आन् ह्या ओट्यावरनं उठलेलो न्हाई."

दाजींच्या घरातला दुसरा भाग असा हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. अक्काची दोन मुलं पाळण्यातच गेली. दोन्ही वेळा बारसं झालं, नाव ठेवलं, आणि ते नाव हाक मारायला पुरलं नाही. दुसऱ्या वेळी मी वालूरला गेलो, तेव्हा दाजी दुकानात बसून तो दगड नुसता हातात धरून होते, भिंग गळ्यात तसंच. मला बघून म्हणाले, "ह्याला काहीच होत न्हाई बघा." त्यानंतर बरीच वर्षं घर रिकामं राहिलं आणि मग अक्काला मुलगी झाली. अशक्त, पण डोळे मोठे आणि आवाज खणखणीत. मी मामा म्हणून जरीची कुंची घेऊन बारशाच्या दोन दिवस आधीच दाखल झालो.

त्याच दोन दिवसांत दाजींच्या आयुष्यातला मोठा योग आला. येलदरीला पूर्णेवर धरणाचं काम निघालं होतं, त्याच्या जीपगाड्या कधी कधी वालूरवरून जात. एक जीप दुकानासमोर थांबली, इंजिनात घालायला पाणी मागितलं. आत बसलेले साहेब पुण्याकडचं मराठी बोलणारे, आणि त्यांच्या पायाशी दगडांची पोती. दाजींनी पाणी दिलं आणि पोत्याकडे बघून विचारलं, "साहेब, आपन तबकातुल अर्जवाले का?" साहेबांना शब्द कळला नाही, पण दाजींचं तोंड बघून अर्थ कळला असावा. दाजींनी मग त्यांना काळ्या दगडाच्या दोन थरांमधल्या तांबड्या मातीपासून सुरुवात करून जेवढं आठवलं तेवढं सांगून टाकलं. साहेब हसत म्हणाले, "अहो, हे आम्हालाही ठाऊक आहे. काळा दगड इथं सगळेच ओळखतात. दाबानं आणि उष्णतेनं रूप पालटलेला दगड कधी हातात धरलाय का?" दाजींचा हात खिशाकडे गेला. कोट अंगात नव्हता. खिसे शिवायला अक्काकडे होता. "धरलाय का म्हंजे? इतकी वर्षं खिशात घिऊन हिंडायलोय," दाजी म्हणाले. साहेबांना घाई होती. जीप सुरू करता करता ते म्हणाले, "मग सोमवारी येलदरीला या, दगड घेऊन. काय सांगता ते बघू. मला हाताखाली एक माणूस घ्यायचाय. पदवी नसली तरी चालेल, दगड कळला पाहिजे."

जीप गेली तरी दाजी रिकामा तांब्या घेऊन रस्त्यात उभे होते. त्या दिवशी त्यांनी दुकान उघडं टाकलं, घरात आले आणि बाळंतिणीच्या खोलीच्या दाराबाहेर उभं राहून अक्काला सांगितलं, "येलदरीला बोलवलंय मला." एवढंच. इतक्या वर्षांत प्रथमच कुणीतरी त्यांना त्यांच्या विषयातलं विचारलं होतं. मग त्यांनी दगड बाहेर काढला, धुतला, खोबरेल लावून चोळला, आणि पाहुण्यांच्या पोरांनी हात लावू नये म्हणून स्वयंपाकघरातल्या कोनाड्यात नेऊन ठेवला. मला म्हणाले, "पाव्हणं, सोमवारी तुमी संग चला. मला मराठीत शब्द आठवला न्हाई तर तुमी द्या." मी म्हटलं, मला ठेच हा एकच शब्द येतो. ते ऐकायच्या मनःस्थितीत नव्हते.

रविवारी बारसं होतं. बारशाला पाळण्यात मूल घालण्याआधी बायका वरवंट्याला बाळासारखं नटवतात, त्याला गोप्या म्हणतात. गोविंद घ्या, गोपाळ घ्या करत त्याला पाळण्याच्या वरून-खालून फिरवायचं आणि मग बाळाच्या पायथ्याशी ठेवायचं, बाळ वरवंट्यासारखं टणक व्हावं म्हणून. ऐन वेळी दाजींच्या म्हाताऱ्या आत्यानं घरचा वरवंटा हातात घेतला आणि खाली ठेवला. "ह्यानं दोनदा ह्यो पाळणा बघितलाय," ती म्हणाली. "आता ह्यो नको." दुसऱ्याच्या घरून मागून आणायचा नसतो. नवा आणायला बाजार नव्हता. तेवढ्यात आत्याची नजर कोनाड्याकडे गेली. तिथं वीतभर लांब, दोन्ही टोकांना गोल, तेल लावून चकचकीत केलेला एक दगड ठेवलेला. "बघा की. भाच्यानं नवा आनून, तेल पाजून ठिवलाय. बोलत न्हाई, पन ध्येनात असतंय त्याच्या," असं म्हणून म्हातारीनं तो उचलला. मी पालमहून आणलेली जरीची कुंची आधी त्या दगडाच्या डोक्यावर चढली. त्याला काजळ घातलं, गालबोट लावलं, आणि गोदावरीच्या आधीचा तो दगड बायकांच्या हातांवरून फिरून माझ्या भाचीच्या पायथ्याशी जाऊन झोपला. दाजी बाहेर ओसरीवर लोकांना पानसुपारी देत होते. अक्कानं दगड ओळखला होता.

सोमवारी सकाळी दाजी आंघोळ करून, नव्या खिशांचा कोट घालून कोनाड्यापाशी गेले, आणि कोनाडा रिकामा. आधी त्यांनी उंदरांवर संशय घेतला. मग माझ्यावर. शेवटी अक्का म्हणाली, "पाळण्यात हाय." आणि सगळं सांगितलं. दाजींच्या घरची रीत अशी की गोप्या सव्वा महिना पाळण्यातून काढायचा नाही. त्यात पोरीचं अंग पहाटेपासून तापलेलं होतं. आत्या दारात येऊन बसली होती आणि दाजींकडे बघत होती. अक्का मात्र शांतपणे म्हणाली, "न्या तुमी. साहेब वाट बघत असंल. लय वर्सांनी बोलवलंय तुमाला."

दाजी पाळण्यापाशी गेले. मी त्यांच्या मागं होतो. पोर झोपली होती. दुपट्यातून पाय बाहेर काढून तिनं दोन्ही तळवे त्या दगडाला टेकवले होते. दाजींनी अलगद दगड उचलला. पोरीचे पाय हवेत काहीतरी शोधू लागले, तोंड वाकडं झालं आणि ती रडायला लागली. अक्कानं थोपटलं, मी खुळखुळा वाजवला, आत्यानं अंगारा लावला. रडणं थांबेना. दाजी दगड हातात घेऊन तसेच उभे. मग ते वाकले आणि त्यांनी दगड परत तिच्या तळव्यांपाशी ठेवला. पाय टेकले आणि पोर गप्प झाली.

"लोखंडी दगड हाय, थंड ऱ्हातो," दाजी म्हणाले. "ताप हाय ना तिला. तळव्याला गार लागायलंय." हे त्यांनी शास्त्र म्हणून सांगितलं. मग पाळण्याकडे बघून म्हणाले, "पाव्हणं, हिला जन्मून बारा दिस झाले. आन् हा जन्मला तवा... आन् दोघं एका पाळण्यात हायेत." एवढं बोलून त्यांना पुढचं सुचेना. इतक्या वर्षांत दगडाबद्दल बोलताना दाजींना शब्द सुचला नाही, असं मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. मीही पाळण्यात पाहिलं. मोठ्या डोळ्यांची इवलीशी पोर आणि कुंची घातलेला तो दगड. मला दोघांचीही भीती वाटली, आणि दोघांच्याही पाया पडावंसं वाटलं. दाजींनी पाळण्याला एक झोका दिला, टोपी घातली आणि म्हणाले, "चला."

"दगड?" मी विचारलं.

"ऱ्हाऊ द्या."

येलदरीला आम्ही एस.टी.नं आणि पुढं खडीच्या ट्रकमधून गेलो. पूर्णेच्या पात्रात सुरुंगांचा धुरळा, हजारो माणसं, आणि कडेला साहेबांचा तंबू. साहेबांनी घड्याळ बघून विचारलं, "आणलात?" दाजी म्हणाले, "न्हाई. पन सांगतो." आणि रिकाम्या हातांनी त्यांनी तो दगड सांगायला सुरुवात केली. त्याची लांबी हवेत दाखवली, वजन तळहातावर तोललं, सुया बोटांनी काढून दाखवल्या. मधे मधे उर्दू शब्द येत होते, मला मराठी सुचत नव्हतं, साहेब इंग्रजीत नाव सुचवत होते, आणि दाजी "हां, तेच" म्हणून पुढं जात होते. गाळ बसला, डोंगर आले, आग लागली, बसल्या जागी बदलला. साहेबांनी घड्याळ बघायचं सोडलं. तंबूत माप घेणारी माणसं काम थांबवून ऐकू लागली. संपल्यावर साहेब म्हणाले, "इतकं नीट मला कुणी सांगितलं नव्हतं. पण दगड कुठं आहे हो?"

"पाळण्यात हाय," दाजी म्हणाले.

तंबूत हशा पिकला. साहेबही हसले, पण वाईट हसले नाहीत. मी पुढं होऊन बारशाची सगळी हकीकत सांगितली. साहेब म्हणाले, "मला तुम्हाला घ्यायला आवडेल. पण वर दाखवायला काहीतरी हवं. पदवी नाही, निदान दगड तरी हवा. दोन दिवसांत आणा." दाजींनी मान हलवली. "सव्वा महिना थांबावं लागंल, साहेब. ती त्याला पाय लावून झोपायली." साहेब थांबू शकत नव्हते, आणि त्यांचंही बरोबर होतं. त्याच आठवड्यात ती जागा दुसऱ्या कुणाला तरी मिळाली, असं नंतर कळलं.

परत येताना दाजी ट्रकची वाट बघत नदीकाठच्या काळ्या खडकावर बसले. मला फार वाईट वाटत होतं आणि मी तसं बोललोही. ते म्हणाले, "पाव्हणं, त्यांनी ऐकलं की सगळं. घड्याळ खाली केलं व्हतं, बघितलं न्हाई का तुमी?" थोड्या वेळानं त्यांनी सवयीनं पायाजवळचा एक दगड उचलला, चाटला आणि खाली ठेवला. घरी पोचलो तर पोरीचा ताप उतरलेला. दाजींनी श्रेय लोखंडाला दिलं, आत्यानं गोप्याला दिलं, आणि अक्कानं कुणालाच न देता दाजींना गरम भाकरी वाढली.

पोर जगली. आणि ही बातमी वालूरात राहते थोडीच? सव्वा महिना होतो न होतो तोच एक शेजारीण आली, "दाजी, तुमचं थोरलं द्या की आमच्या बारशाला." तेव्हापासून त्या दगडाचं नाव 'दाजींचं थोरलं' पडलं. आमचं मुंबई राज्य जाऊन महाराष्ट्र झाला, दाजी ओट्यावरच होते, आणि त्यांचं थोरलं मात्र गावभर हिंडत होतं. दाजींनी एकच अट घातली होती, दगड एकटा कुठं जाणार नाही. त्यामुळं बायकांनी भरलेल्या प्रत्येक बारशात उंबऱ्यावर एक उंच पुरुष भिंग लावून बसलेला असायचा. दगडाला कुठं टवका उडतो का ते बघायला आलोय, असं दाजी सांगायचे. पण मी अनेकदा पाहिलं, त्यांचं भिंग दगडाकडे नसायचं. पोराच्या नखांकडे असायचं.

दाजी गेले त्याला आता बरीच वर्षं झाली. त्या दिवशी भाची सासरहून आली होती. बाहेर तिरडीची तयारी झाली. मडक्याला भोक पाडायला दगड लागतो. तोच पुढं दहा दिवस गेलेल्या माणसाच्या जागी मानायचा आणि दहाव्याला पाण्यात सोडायचा, अशी आपली रीत. भावकीतला एकजण म्हणाला, "दाजींचाच घ्या की. जलमभर सांभाळला." सगळ्यांना पटलं. मलाही पटलं. कुणीतरी तो आणायला आत गेलं आणि रिकाम्या हातानं परत आलं. त्याच्या मागून भाची दारात आली, दगड पोटाशी धरून. रडून रडून तिचे डोळे सुजले होते. ती म्हणाली, "ह्यो पान्यात सोडायचा न्हाई. ह्यो पाळण्यातला हाय. बाबांनी तिथंच ठिवलाय."

मग नदीवर भावकीतल्या एका पोरानं पात्रातला हाताला येईल तो धोंडा उचलला. काळा, साधा, धूळ बसलेला. दहा दिवस तो दाजींच्या घरात होता. अक्का रोज त्याच्यापुढं पाणी ठेवायची. दहाव्या दिवशी मी बरोबर गेलो. पाण्यात सोडायच्या आधी तो क्षणभर माझ्या हातात आला. मी तो ओला केला, आणि आजवर कधी नीट पाहिलं नव्हतं ते पाहिलं. त्या काळ्यात बारीक हिरवे ठिपके होते, आणि एका बाजूला दुधासारखी पांढरी रेघ. मग तो पाण्यात गेला. खाली त्याच्यासारखेच शेकडो होते. मी वाकून पाहत राहिलो, पण त्यांतले दाजी कोणते, ते मला ओळखता येईना. सगळे घरचेच होते.